गळती : एक

घरात अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही
मी कशात डॉक्टर होणार आहे.
'व्यवसायोपचार' म्हटलं की आतेचा प्रश्न ठरलेला,
'म्हणजे धंदा बसला की तुझ्याकडे यायचं?'
ताप आला तर मी गोळी लिहून देणार नाही
हे कळल्यापासून तिचा माझ्यातला रस आटलाय.

तिसरं वर्ष. विद्यापीठ घाटापलीकडे,
मार्गदर्शक मॅडम दर दुसऱ्या शुक्रवारी पडद्यावर,
ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.
एथिक्स कमिटीने दोनदा परत पाठवलेलं संमतीपत्र
तिसऱ्या खेपेला मंजूर झालं
आणि मी माशेलात गेले. स्कूटरच्या डिकीत
एक फळी, नऊ भोकं, नऊ खुंट्या, स्टॉपवॉच.

सुकांती वेरेकर, वय अठ्ठावन्न.
प्रबंधात : सहभागी क्रमांक सतरा.
देवळाच्या पायऱ्यांशी तीस वर्षं फात्या विकल्या.
उजवी बाजू गेली ती चवथीच्या आदल्या रात्री,
परडीत अबोली होती,
केळीच्या सोपटाचा धागा भिजत घातलेला.

सहीला मी पाच मिनिटं धरली होती.
अंगठा नको म्हणाली.
डाव्या हाताने अकरा मिनिटं लिहीत राहिली नाव,
'वे'ची मात्रा कागद ओलांडून चटईवर गेली.

मग खुंट्या. एक भोकात, दोन जमिनीवर.
मी घड्याळाकडे बघतेय, ती माझ्याकडे.
'बाय, ह्यो खुंट्यो कोण माळटलें गो?'
मी वहीत लिहिलं : प्रेरणा कमी.
तेव्हा हेच लिहिलं. अजून खोडलेलं नाही.

नवव्या आठवड्यात घड्याळ तिनेच मागून घेतलं
आणि माझ्यापुढे फुलं सारली.
दोन देठ, वळसा, गाठ. पुन्हा दोन देठ.
माझ्या दहाही बोटांना काही झालेलं नाही,
तरी चार मिनिटांत वीतभर फाती वळली
आणि उचलली तशी मधूनच सुटली.
ती इतकी हसली
की ओठाचा उजवा कोपरा जरासा वर गेला.
त्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

पुढे कधीतरी तिला सापडलं :
निजलेली उजवी मूठ धाग्यावर ठेवायची, वजनासारखी,
दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला,
बाकी सगळं डाव्याने.
मी शिकवलं नव्हतं. मी कोन मोजत होते.

अठराव्या आठवड्यात दाराला कडी.
शेजारीण माड्याच्या झावळ्या ओढत होती,
मान न वळवता म्हणाली, 'आज जात्रा न्हय?'
अंतिम मोजमापाचा तोच दिवस.
शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, 'गळतीत धर. सतरा वगळ.'
बरोबरच होतं त्यांचं. नियम माझाच, पान बेचाळीस.

माणसाला त्याच्या कामाकडे परत नेणे,
हे माझ्या प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य.
ती कामावर गेली
म्हणून गैरहजर.

मी टाइप केलं, गळती : एक.
लॅपटॉप मिटला, स्कूटर काढली.

जात्रेचा शेवटचा दिवस, खाज्यांच्या दुकानांतून वाट काढत
पायऱ्यांपाशी. ती बसलेली. फाती वाकडी,
एक अबोली उलटी तोंड करून.
'चाळीस,' म्हणाली. ओळख असली तरी चाळीसच.
पन्नासची नोट डाव्या हाताने घेतली
आणि सुटे उजव्याने द्यायला निघाली.
पाचाचं पहिलं नाणं निसटून पायरीवर वाजलं.
मागचं गिऱ्हाईक खोळंबलेलं. तिला घाई नव्हती.
दुसरं माझ्या तळव्यावर आलं,
ओलं, थोडं गार.

किती सेकंदांत, ते सांगता येणार नाही.
घड्याळ डिकीत होतं.